इतिहासापुढे आपली साक्ष

(मुरबे येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याच पालघर जिल्ह्यात सोपाऱ्याला एक टेकाड होते. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणविले, तेव्हा आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. जेथे एके काळी वंदना होत असे, त्या स्थळाचे नावदेखील लोक विसरले होते. पुढे जवळच भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो 1956 साली. नागपूरची दीक्षा त्याच वर्षीची. योगायोगाला मी पुरावा मानीत नाही. पण मौज वाटते खरी.

उद्याचा इतिहासकार आपल्या काळाचा न्याय करावयास बसेल, तेव्हा आपल्या घोषणा त्याच्या कानी पडणार नाहीत. तो कागद पाहील. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 साली ते सुमारे 27 लक्ष 90 हजार झाले. दहा वर्षांतील हा पालट त्याला दडविता येणार नाही. आणि त्याचे मोल काय पडले, हेही तो विचारील. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या. तथापि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान मिळावयास 1990 साल उजाडले. मधल्या काळातील ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ हा खटला प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा. बौद्ध झालेला मनुष्य राखीव जागेवर निवडून आला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवड रद्द ठरविली. जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याची जाहीर घोषणा पुरेशी आहे, असे न्यायालय म्हणाले. धर्मांतर खरे ठरले आणि त्याच खरेपणाची शिक्षा झाली! हा दोष न्यायाधीशांचा नव्हे, कायद्याचा होता.

आता आपली उलटतपासणी. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या घरी भिंतीवर बुद्धांची प्रतिमा असते आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘हिंदू’ असतो. विचारले तर म्हणतात, “गुरुजींनी लिहिले, आम्ही काही बोललो नाही.” इतिहासकार हे मौन वाचील. सवलत जाईल ही जुनी भीती मी समजू शकतो. पण 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धाची सवलत धर्मामुळे जात नाही. दुसरी गोष्ट बोलावयास कठीण आहे, तरी बोलतो. लग्न जमविताना पोटजात विचारणारे आपल्यातही आहेत. पत्रिकेवर बुद्धांचे चित्र आणि बैठकीत जातीची चौकशी, हे दोन्ही पुरावे एकाच घरातून निघतील.

अशोकाच्या त्या नवव्या लेखात विवाहातल्या, आजारपणातल्या, अपत्यजन्माच्या वेळच्या निरर्थक मंगलविधींवर टीका आहे. दासांशी व सेवकांशी नीट वागणे यालाच तो धम्माचे मंगल म्हणतो. राजाने हे बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरविले.

2027 च्या जनगणनेत जातीचीही नोंद व्हावयाची आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने समोर बसावे, धर्म ‘बौद्ध’ असा सांगावा, जात दाखल्याप्रमाणे सांगावी आणि काय नोंदविले ते विचारून घ्यावे. दाखल्यांतील दुरुस्तीसाठी ज्यांना अर्ज करावयाचे असतील, त्यांनी सभेनंतर थांबावे. कागद मी बरोबर आणले आहेत.