आम्ही मुंबई पाहिली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुंबईच्या सहलीविषयी मी चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा जे पाहिले आणि जे मनात आले, तेच साधेपणाने सांगते.

आम्ही तेरा जणींनी जायचे ठरविले, तेव्हा गावात एकच प्रश्न झाला, "मुंबईला काम काय?" कुणाचे लग्न नाही, दवाखाना नाही, देवाचा नवस नाही. बायकांनी नुसते पाहायला जायचे, हे कुणाला पटेना. मला या प्रश्नाचेच नवल वाटले. नागझिऱ्याच्या जंगलात जाण्याचे एक गेट आपल्या चोरखमाऱ्याला आहे. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. शहरची मंडळी गाड्या भरून आपल्या दारावरून वाघ पाहायला जातात. त्यांना "काम काय?" असे कुणी विचारीत नाही. मग रोवणीपासून कापणीपर्यंत बांधीत वाकलेल्या बाईने चार दिवस मान वर करून जग पाहिले, तर त्यात वावगे काय? आम्ही दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि धान चुरून घरात आल्यावर निघालो.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये गोंदियाला दुपारी बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस उतरलो. उतरलो ते स्थानकच पाहण्याजोगे! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीचे काम 1878 साली सुरू झाले व ते पुरे होण्यास दहा वर्षे लागली. 2004 साली तिची गणना जागतिक वारशात झाली. मोठ्या घुमटावर एक स्त्री उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या बाजूस चाक. ती प्रगतीची मूर्ती. खाली फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपल्या देशाचा. आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, आपला वाघ आपल्या आधीच येऊन बसला!"

पुढे गेटवे ऑफ इंडिया पाहिले. पंचम जॉर्ज राजा 1911 साली आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती 1924 साली पुरी झाली. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. राजाच्या मानाचे दार निरोपाच्या कामी आले!

तेथे एका तरुणाने आमच्यातील वयाने वडील अशा आजींचा, त्यांचे नऊवारी लुगडे पाहून, न विचारता फोटो काढला. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाबू, फोटो काढाच्या आंधी पुसाव लागते." तो बिचारा ओशाळला. त्याने माफी मागितली. मग आजींनीच पदर सारखा करून सांगितले, "आता काढ."

गेटवेहून बोटीने तासाभरात घारापुरीला पोचलो. तेथील लेण्यात सुमारे वीस फूट उंचीची त्रिमूर्ती आहे. तिच्यापुढे आम्ही सर्व जणी गप्पच झालो. पण माझ्या मनात अधिक राहिली ती पायऱ्यांवर काकडी विकणारी बाई. ती म्हणाली, "येणारे लेणी बघतात आणि बोटीने परत जातात. आमचे गाव कोणी बघत नाही." समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत, पण या बेटावर संध्याकाळचे काही तास तेवढे जनरेटर चाले. समुद्राखालून तार टाकून कायमची वीज आली ती 2018 साली.

भगिनींनो, तिचे बोलणे ऐकताना मला आपला रस्ता दिसला. आपल्याकडेही गाड्या धूळ उडवीत वाघाकडे जातात. आपला तलाव, आपले धान, मोहफुले वेचणारी बाई त्यांना दिसत नाही. म्हणून मला वाटते, आपण कोठेही गेलो तर देखाव्याबरोबर तेथील माणूसही पाहावा, त्याच्याशी दोन शब्द बोलावे. आणि आपल्या गावी पाहुणे येतील तेव्हा दाराआड उभे न राहता आपणच आपले गाव त्यांना सांगावे.

शेवटी एकच मागणे. घर कोण सांभाळील, या काळजीने पुष्कळ सुना यंदा येऊ शकल्या नाहीत. माझ्या घरी पाच दिवस पुरुषांनी चूल सांभाळली. भात थोडा करपला, पण कुणी उपाशी राहिले नाही. पुढील वर्षी सुनांनी जावे. त्यांची मुले, म्हातारी माणसे आणि गुरे आम्ही तेरा जणी वाटून घेऊ. "काम काय?" असे कुणी विचारलेच, तर सरळ सांगावे, "पाहायला चाललो."