भरतीला निघालेल्या घराचा हिशेब

धारा काढून झाल्या असतील, चूल उरकली असेल, तर घटकाभर बसा. आज आम्ही बोलणार आहोत फौजेतल्या नोकरीबद्दल, आणि ती नोकरी घरातल्या बाईकडून काय मागते त्याबद्दल.

फौजेचा अभिमान आपल्या सातारा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. पण मागं राहिलेल्या बायांनी शेत कसं कसलं, पोरं कशी वाढवली, हे स्मारकावर लिहिलेलं नसतं.

आजही पोरगं भरती झालं की पेढे वाटतात, पगार विचारतात. पुढचं कुणी विचारत नाही. जवानाचं ठाणं सीमेवर असलं की बायकोपोरांना सोबत नेता येत नाही. मग सासूचं दुखणं, रात्रीची पाणीपाळी, शाळेतली सही, तलाठ्याकडची खेप, सगळं एकटीवर. लेकरू बापाला फोनमध्ये ओळखतं आणि तो रजेवर आला की दोन दिवस दाराआडून बघतं. त्याची ओळख पटेपर्यंत रजा संपत येते.

नोकरी संपवून माणूस घरी येतो तेव्हा तो तरणाच असतो, चाळिशीच्या आसपासचा. कुणाला रात्री झोप लागत नाही, कुणी भांडं पडलं तरी दचकतो, कुणी बोलायचंच बंद करतो, कुणी बाटली जवळ करतो. 'फौजी आहे, तापट असणारच' असं म्हणून आपण बाईलाच गप्प करतो. मैत्रिणींनो, मार खाणं हा देशसेवेचा भाग नाही. आणि माणसाचं मन दुखावलेलं असलं तर तोही आजारच आहे, त्याला उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. त्यानं नाही केला तर तुम्ही फोन करा.

आता अग्निवीर भरतीचं. २०२२ पासून जवानांची भरती याच योजनेतून होते, आणि मिलिटरी पोलिसात मुलीही जातात. नोकरी ४ वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम ठेवतात, म्हणजे चौघांतला एक. पहिल्या वर्षी पगार महिना ३० हजार, त्यातले ९ हजार निधीत जातात, हातात २१ हजार. चार वर्षांनी सेवा निधीचे सुमारे १० लाख आणि वर व्याज मिळतं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. सालाना रजा ३० दिवस. तोवर लग्नही करता येत नाही. सेवेत मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा आहे, पण आईवडलांना दरमहा पेन्शन नाही.

हे ऐकून पोराला अडवा, असं आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू रानात पोट भरत नाही, म्हणून तो पहाटे उठून सोळाशे मीटर पळतो, हे आम्हाला कळतं. पण अकॅडमीच्या फीसाठी गटातून कर्ज काढायच्या आधी घरात बसून हिशेब मांडा. चार वर्षांनी परत आला तर काय करणार? शिक्षण सुटणार की बाहेरून पूर्ण करणार? ते १० लाख बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये जाणार, की त्याच्या धंद्याला राहणार? नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.

ज्यांचे मालक आधीपासून फौजेत आहेत त्यांनी एक काम याच महिन्यात करा. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद पलटणीच्या कागदावर, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली आहे का, हे विचारा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का, बँकेत आणि विम्यात वारस कोण लावलाय, तेही बघा. 'असं अभद्र कशाला विचारतेस' असं सासूबाई म्हणतील. म्हणू द्या. नवरा गेल्यावर एका नोंदीपायी वर्ष वर्ष खेटे घालणाऱ्या बाया आम्ही पाहिल्यात. मदत लागली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एकटीनं जायला बिचकत असाल तर गटातल्या दोघी सोबत घ्या.

येत्या मासिक बैठकीत एवढं करा. आपल्या गटात फौजीच्या घरातल्या किती जणी आहेत ते मोजा. त्यांचं कर्ज फिटलं का हे आपण दर महिन्याला विचारतो. या वेळी त्यांना 'तू कशी आहेस' असं विचारा, आणि त्या बोलतील तेवढा वेळ ऐका.