ओसाकाच्या चात्या, मुंबईच्या गाठी



जपानमध्ये ओसाकाजवळ कावाची नावाचा मुलूख आहे. तिथं पुराचा फार त्रास, म्हणून १७०४ साली यामातो नदीच दुसरीकडे वळवली. जुनं पात्र कोरडं पडलं आणि त्या रेताड जमिनीत शेतकऱ्यांनी कापूस लावला. खत कसलं, तर उत्तरेकडून जहाजानं येणारी वाळलेली हेरिंग मासळी! घरोघरी बायका सूत कातायच्या, जाडंभरडं पण टिकाऊ कापड विणायच्या. दीडशेहून अधिक वर्षं हे सुखेनैव चाललं.

१८८३मध्ये ओसाका बोसेकी ही गिरणी सुरू झाली. भांडवल जमवलं उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी. १०,५०० चात्या, त्याही वाफेवर. त्याआधीच्या सरकारी गिरण्या जेमतेम दोन हजार चात्यांच्या, बहुतेक नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या. नवी गिरणी मात्र रात्रीही थांबेना. १८८६मध्ये तिथं विजेचे दिवे लागले.

पण कावाचीचा आखूड, जाड कापूस यंत्राला मानवेना. आधी चीनचा कापूस आला, मग आपल्याकडचा. मुंबईहून गाठी नेण्याचं बोटीचं भाडं भारी. त्यावर युरोपीय कंपन्यांची पकड. १८९३मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई-कोबे बोट सुरू झाली. १८९६मध्ये जपाननं परदेशी कापसावरची जकातच काढून टाकली. गिरणीवाले खूश झाले. कावाचीचा कापूसवाला संपला.

या इतिहासात नावं घेतली जातात ती शिबुसावांची, टाटांची. मला विचाराल, तर गिरण्या तगल्या त्या खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या जिवावर. बापाला आगाऊ रक्कम द्यायची आणि मुलीला गिरणीच्या वसतिगृहात ठेवायचं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. बायकांची रात्रपाळी कायद्यानं बंद व्हायला १९२९ साल उजाडलं.

तोवर ओसाकाचं स्वस्त कापड मुंबईच्या बाजारात येऊन इथल्याच गिरण्यांना घाम फोडत होतं. १९३३मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारनं त्यावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तर दिलं : तुमचा कापूसच घेत नाही! गाठी पडून राहू लागल्या, तेव्हा सिमल्याला वाटाघाटी बसल्या. ठरलं ते असं : जकात ५० टक्क्यांवर आणायची, जपाननं वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी वार कापड पाठवायचं आणि तेवढ्यासाठी आपला १५ लाख गाठी कापूस उचलायचा.