वैशाखांतील कोंबडीचा आहार

श्रोतेहो, कोंबडीच्या खाद्यावर मी बोलणार म्हणून शाकाहारी कुटुंबांनीं रेडिओ लगेच बंद करूं नये. या विषयाचें मर्म त्यांच्याच वरणभातांत दडलेलें आहे.

ब्रॉयलर म्हणजे केवळ मांसाकरितां वाढविलेली कोंबडी. या धंद्याशीं पुण्याचें नातें निकटचें आहे, डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं स्थापिलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीजचें मुख्य कार्यालय येथेंच, सिंहगड रस्त्यावर आहे. हा पक्षी अवघ्या सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जातो. एवढ्या वेगानें मांस घडावयाचें तर प्रथिनें भरपूर हवींत, हें उघड आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांकडे झुकूं लागला कीं हा सरळ हिशेब फसतो.

कोंबडीला घर्मग्रंथी नाहींत. शरीराचें उष्णतामान मुळांतच ४१ अंशांच्या आसपास, आणि अंगावर पिसांची रजई! चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा मुख्य उपाय. अन्न पचवितांनाही उष्णता निर्माण होते, म्हणून ती खाणेंच कमी करते. पालकाच्या मनांत येतें, पक्षी कमी खातो, तर घासागणिक प्रथिन अधिक द्यावें. आणि तो पेंड वाढवितो. येथेंच घात होतो.

प्रथिन हा एकजिनसी पदार्थ नव्हे. तें सुमारें वीस अमिनो आम्लांचें बनलेलें असतें. जुन्या छापखान्यांतील खिळे जुळविणारा आठवा. एका अक्षराचे खिळे संपले कीं बाकीचे खण भरलेले असूनही पान अडतें. मका व सोयाबीनची पेंड यांवर वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्यें पहिल्यानें अपुरें पडणारें अक्षर म्हणजे मेथायोनीन. मागोमाग लायसीन व थ्रिओनीन. छापखान्यांत उरलेले खिळे उद्यां उपयोगी पडतात. शरीरांत मात्र उरलेल्या आम्लांना कोठार नाहीं. तीं मोडावीं लागतात, त्यांतील नत्राचें यूरिक आम्ल करून विष्ठेवाटे टाकावें लागतें, आणि या खटाटोपांत आणखी उष्णता निर्माण होते. आधींच धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या पोटांत आपण शेगडीच पेटवितों म्हणा ना! शिवाय शेडमधील भुशांत नत्र वाढून अमोनियाचा दर्प सुटतो, तो निराळाच.

म्हणून एकूण प्रथिन एखाददोन टक्क्यांनीं उतरवावें आणि उणीं पडणारीं आम्लें तेवढीं नेमकीं मिसळावीं, हा मार्ग तज्ज्ञ सांगतात. हीं आम्लें आज कारखान्यांत तयार होतात. ऊर्जेसाठीं थोडें तेल घालतात, कारण स्निग्ध पदार्थ पचवितांना उष्णता कमी होते. प्रथिन फारच उतरविलें तर मात्र वाढ खुंटते. मेथायोनीनच्या चिमटीवर सगळें निभावतें असें कोणीं समजूं नये.

आतां वरणभात. तांदळांत लायसीन कमी, डाळींत मेथायोनीन कमी. एकाची उणीव दुसरें भरून काढतें. मका आणि सोयापेंड यांची जोडीही तशीच. आमच्या आज्यांना हीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण ताट बरोबर वाढलें जात होतें.

पेंड वांचली तर पैसाही वांचतो. २०२१ सालीं सोयापेंड इतकी महागली कीं जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्र सरकारनें परवानगी दिली.

पुष्कळ शेतकरी कंपनीशीं करार करून पक्षी वाढवितात. पिलें व खाद्य कंपनीचें. त्यामुळें खाद्याची घडण त्यांच्या हातीं नसते. उष्म्यानें आधीं दगावतो तो विक्रीस आलेला भारी पक्षी, आणि त्याबरोबर सहा आठवड्यांची मेहनत जाते. अशांच्या हातीं उरते ती वेळ. ऊन चढण्यापूर्वीं खाद्य उचलावें, दुपार कलल्यावर पुन्हां मांडावें, आणि पहांटे व रात्रीं पोटभर खाऊं द्यावें. पाणी मात्र क्षणभरही तुटूं देऊं नये. तें गरम झालें तर पक्षी कमी पितो, यास्तव टाकीवर सावली करून ओलें गोणपाट टाकावें.