श्रूजबरीला याल तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विद्वान नाही आणि वक्ताही नाही. पोटापाण्यासाठी चिपळूण सोडून इंग्लंडात गेलो आणि तेथे नदीकाठच्या एका गावात तीस वर्षांहून अधिक काळ राहिलो, एवढीच माझी पात्रता. आज आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली शिक्षणासाठी तिकडे येतात. त्यांना भेटायला आईवडील येतात, लंडनमध्ये चार दिवस राहतात, राजवाडा आणि मोठे घड्याळ पाहतात आणि परत फिरतात. त्यांनी एक दिवस काढून आमच्या गावी यावे आणि आल्यावर काय पाहावे, एवढेच सांगण्याचा आज माझा विचार आहे.

या गावाचे नाव आपण पाहिले नसले तरी खाल्ले मात्र नक्कीच आहे! पुण्याच्या कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवरील १९५५ सालापासूनच्या कयानी बेकरीतून आपण डबे भरभरून जी लोणीदार 'श्रूजबेरी' बिस्किटे आणतो, ती ज्या गावाच्या नावाने ओळखली जातात ते हे श्रूजबरी. तेथे 'श्रूजबेरी केक' या नावाची बिस्किटे सतराव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. १६५८ साली छापलेल्या एका पाकपुस्तकात त्यांची कृती आहे. कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर या पदार्थाच्या स्मरणार्थ लावलेली पाटीही आपणास दिसेल. गावाच्या नावाचा उच्चार 'श्रूजबरी' की 'श्रोजबरी', यावर गावकरी आजही हुज्जत घालतात. आपण त्यात पडू नये. कसाही उच्चार केला तरी निम्मे लोक खूष होतील आणि निम्मे आपली चूक दुरुस्त करतील.

लंडनहून आगगाडीने वाटेत गाडी बदलून सुमारे तीन तासांत येथे पोहोचता येते. स्टेशनच्या फलाटांचा काही भाग चक्क नदीवरील पुलावर आहे, तेव्हा उतरल्याबरोबर आपण नदीवरच उभे असता. रेल्वेची आवड असलेल्या मुलांना स्टेशनजवळची जुनी सिग्नल केबिन जरूर दाखवा. हाताने ओढावयाच्या १८० दांड्यांची ती केबिन म्हणजे रेल्वेचा जिवंत इतिहास आहे.

ही नदी सेव्हर्न. वेल्सच्या डोंगरात उगम पावून सुमारे ३५४ किलोमीटर वाहणारी ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी. श्रूजबरीपाशी ती घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि जुने गाव त्या वळणाच्या आत, उंचवट्यावर वसलेले आहे. तीन बाजूंनी पाणी आणि जमिनीची वाट जेथे निमुळती तेथे अकराव्या शतकातला तांबड्या दगडाचा किल्ला. पूर्वेकडे इंग्लिश ब्रिज आणि पश्चिमेकडे वेल्श ब्रिज. एवढा नकाशा डोक्यात ठेवला की या गावात हरवण्याची भीती नाही.

किल्ल्यासमोरची जुनी दगडी इमारत हे आज सार्वजनिक वाचनालय आहे. पूर्वी तेथे श्रूजबरी स्कूल भरत असे. ही शाळा १५५२ साली राजाच्या सनदेने स्थापन झाली आणि १८८२ साली नदीपलीकडे नव्या जागेत गेली. इमारतीबाहेर चार्ल्स डार्विन यांचा बसलेला पुतळा आहे. डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी याच गावी झाला आणि १८१८ ते १८२५ पर्यंत ते या शाळेत होते. येथील शिक्षकवर्गाने माझे पुढील बोलणे रागाने घेऊ नये. डार्विन आणि त्यांचे थोरले बंधू घराच्या बागेतील अवजारांच्या खोलीत रसायनांचे प्रयोग करीत, म्हणून मुलांनी डार्विन यांचे नाव 'गॅस' ठेवले होते. निरुपयोगी विषयात वेळ घालवतो म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना सर्वांदेखत बोल लावले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ज्या शाळेने त्या मुलाला सामान्य ठरवले, तिच्याच दारात आज त्याचा पुतळा आहे. पालकांनी आणि गुरुजनांनी त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे अवश्य उभे राहावे.

पुढे सेंट मेरीज चर्चचा उंच मनोरा लागतो. १७३९ साली रॉबर्ट कॅडमन नावाचा डोंबारी या मनोऱ्यापासून नदीपार बांधलेल्या दोरावरून घसरत जाण्याचा खेळ करताना दोर तुटून मरण पावला. त्याच्या स्मरणाचा शिलालेख तेथे आहे. आत चौदाव्या शतकातील रंगीत काचेची भव्य खिडकी आहे. तेथून बुचर रो आणि फिश स्ट्रीट या गल्ल्यांत शिरा. नावांवरूनच कळते की एकीकडे खाटीक बसत आणि दुसरीकडे मासे विकले जात. लाकडी चौकटींची, पुढे झुकलेली काळी-पांढरी घरे आणि दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा बोळकांड्या पाहून मला नेहमी आपल्याकडच्या जुन्या मोहल्ल्यांची आठवण येते. त्या बोळांना तेथे 'शट' म्हणतात.

तेथून आपण गावच्या मुख्य चौकात येतो. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला थोडे जड जाते.

त्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. होय, तोच प्लासीचा क्लाइव्ह. त्याचा जन्म १७२५ साली याच परगण्यात झाला. तो श्रूजबरीचा खासदार होता आणि १७६२ साली गावचा मेयरही झाला. हा पुतळा १८६० साली उभारला गेला. चौकात बाके आहेत. लोक तेथे बसून सँडविच खातात आणि कबुतरे त्याच्या डोक्यावर बसतात.

काही वर्षांपूर्वी माझा बारा वर्षांचा भाचा सुटीत आला होता. पुतळ्यापाशी त्याने विचारले, "मामू, हा कोण?" मी म्हणालो, "असेल कोणी जुना सेनापती. चल, आइसक्रीम घेऊ." रात्री त्या पोराने माझ्याच कपाटातून इतिहासाचे पुस्तक काढून वाचले आणि सकाळी न्याहारीच्या वेळी खाली मान घालून विचारले, "मामू, तुम्हाला ठाऊक होते ना?"

मला उत्तर देता आले नाही. ठाऊक तर होतेच. परंतु ज्या गावाने मला भाकरी दिली, आजारपणात ज्या गावच्या शेजाऱ्यांनी माझ्या दारात दूध आणून ठेवले, त्या गावाची घरच्या मुलापुढे मला लाज वाटली. आणि खरे सांगायचे तर, त्या चौकातून मान वर न करता रोज जाणाऱ्या माझी स्वतःचीही लाज वाटली.

त्या दिवशी मी त्याला पुन्हा चौकात नेले आणि जे ठाऊक होते ते सर्व सांगितले. १७५७ ची प्लासीची लढाई आणि त्यामागची फितुरी. त्यानंतर क्लाइव्हने स्वतःसाठी घेतलेले २,३४,००० पौंड. १७६५ साली कंपनीच्या हाती आलेली बंगालची दिवाणी. क्लाइव्ह १७६७ साली परतला होता हे खरे. परंतु त्याने घातलेल्या पायावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या वसुलीने १७७० च्या दुष्काळात भुकेल्या रयतेलाही सोडले नाही. बंगालची एकतृतीयांश माणसे मेली असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचाच अंदाज होता. हेही सांगितले की, क्लाइव्हच्या संपत्तीची चौकशी त्याच्याच देशाच्या पार्लमेंटात झाली, आणि २०२० साली हा पुतळा हलवावा अशी मागणी याच गावातून झाली. परिषदेने पुतळा ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या शेजाऱ्यांतही दोन मते होती. भाच्याने सर्व ऐकून घेतले आणि मग विचारले, "मग काल का नाही सांगितलेत?"

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी त्या चौकात नेतो. आपणही मुलांना तेथे न्या आणि आइसक्रीम देण्यापूर्वी खरे काय ते सांगा. ज्यांना सवड असेल त्यांनी वेल्श सीमेपलीकडील वेल्शपूल येथील पॉविस किल्लाही पाहावा. श्रूजबरीहून ते अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे आणि आगगाडी जाते. क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तेथे मांडल्या आहेत. त्यांत टिपू सुलतानचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख आहे. या वस्तू पाहताना मन खिन्न होते, तरीही पाहाव्यात.

चौकातून वायल कॉप या उतरत्या रस्त्याने इंग्लिश ब्रिजवर यावे आणि पलीकडच्या जुन्या मठाच्या चर्चकडे जावे. तेथील अंगणात कवी विल्फ्रेड ओवेन यांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ रोजी एक कालवा ओलांडताना ते मारले गेले. त्यांचे आईवडील श्रूजबरीत राहत. ११ नोव्हेंबरला युद्ध संपल्याच्या आनंदात गावात घंटा वाजत असताना मुलाच्या मृत्यूची तार त्यांच्या घरी आली. त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

मग पुन्हा पूल ओलांडून नदीकाठच्या पायवाटेने चालत क्वारी नावाच्या विस्तीर्ण बागेत जावे. झाडांच्या रांगेखाली बसून पाणी पाहावे आणि थकवा घालवावा. उन्हाळ्यात वेल्श ब्रिजजवळून होडीची फेरीही निघते. मुलांना बागेच्या वरच्या सेंट चॅड्स चर्चच्या आवारातील एक थडगे दाखवा. त्यावर डिकन्सच्या कंजूष स्क्रूजचे नाव आहे. १९८४ च्या एका चित्रपटासाठी तो दगड कोरला आणि तेथेच राहिला.

परंतु नदीच्या सौंदर्याला भुलून तिचा स्वभाव विसरू नये. वेल्सच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला की त्यानंतर आमच्याकडे पाणी चढते. २००० सालच्या महापुरानंतर फ्रँकवेल या सखल वस्तीभोवती बंदोबस्त झाला. पुराची सूचना मिळताच धातूच्या फळ्या खांबांत बसवून भिंत उभी करतात. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये सखल भागांत पाणी शिरलेच. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने आमचे चिपळूण बुडवले, तेव्हा मी फोनला चिकटून बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी काहीही न विचारता चहा आणून दिला. चिखल उपसण्याचे दुःख तेथे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून हिवाळ्यात येणार असाल तर आधी पुराच्या सूचना पाहा आणि पाण्याखाली गेलेल्या वाटेवर पाऊल टाकू नका.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पायांत चांगले बूट आणि पाठीवर रेनकोट हवा. बाजाराची इमारत १९६५ ची, उंच घड्याळाची. आत खाण्याचे अनेक गाळे आहेत. तळलेले मासे घेताना ते कशात तळले आहेत हे विचारून घ्यावे. काही दुकानांत गुरांची चरबी वापरतात. विचारण्यात संकोच नको, कोणी रागावत नाही.

दुसरा दिवस हाती असेल तर नदीच्या खालच्या अंगाला सुमारे वीस किलोमीटरवर १७७९ साली उभारलेला जगातील पहिला मोठा लोखंडी पूल पाहावा. तेवढी सवड नसेल तर गावातीलच १७९७ ची जवसाच्या धाग्याची जुनी गिरणी पाहा. लोखंडी सांगाड्यावर बांधलेली ती जगातील पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती आजी म्हणावी लागेल. तिच्यात लहान मुले राबत असत, हेही आपल्या मुलांना सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, परगावी जाल तेव्हा नुसती छायाचित्रे काढून परतू नका. कोणाचा पुतळा, कोणी उभारला, का उभारला, हे विचारा. आणि वडीलधाऱ्यांनो, मुलाने विचारले तर उत्तर द्या. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. पण ठाऊक असताना विषय बदलू नका. मी एकदा बदलला होता.

आमच्या गावी जरूर या. येताना पुण्याच्या बिस्किटांचा एक डबा आणा. शेजारच्या त्या बाई तो संपला की मला आठवण करून देतात.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.