समदुःखितांची सोबत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तो उचितच आहे. परंतु ज्या मुलाचे नाव एके वर्षी येथे टाळ्यांच्या गजरात पुकारले गेले आणि पुढे कधीच कानी आले नाही, त्याचे काय झाले, याची चौकशी आपण करीत नाही. असा एक मुलगा आमच्याच घरात आहे. तो आमचा पुतण्या. त्याच्या व त्याच्या मातापित्यांच्या संमतीनेच आज आम्ही येथे बोलत आहो.

विसाव्या वर्षी, महाविद्यालयात शिकत असता, तो माणसांपासून दूर राहू लागला. जवळ कोणी नसताना त्यास बोलणे ऐकू येई. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असे त्यास वाटे. आम्ही सारा जन्म मुले शिकविण्यात घालविला. तथापि आम्हांसही तो प्रथम आळस वाटला, आणि मग बाहेरची बाधा. दोन वर्षे अंगारेधुपारे करण्यात गेली. अखेर मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले ते स्किझोफ्रेनियाचे. मराठीत यास छिन्नमनस्कता म्हणतात. हा मेंदूच्या कार्यातील बिघाडाचा आजार आहे. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे की आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकास हा आजार असतो. आपल्या सभासद कुटुंबांतील माणसे मोजली, तर हा आकडा केवळ परक्यांच्या घरचा राहत नाही.

औषधांनी ते आवाज पुष्कळ क्षीण झाले. परंतु मुलगा खोलीबाहेर येईना. आणि आम्ही काय केले? कोणी विचारले की, "तो पुण्यास नोकरीला असतो," असे सांगत राहिलो. घरात त्याची धाकटी बहीण लग्नाची होती. हे असत्य आम्ही आपल्याच मंडळाच्या वधूवरसूचीच्या धास्तीने बोललो, हे आज लपवीत नाही.

औषध आवाज शमविते, एकटेपण शमवीत नाही. त्यासाठी त्याच वाटेने गेलेला माणूस भेटावा लागतो. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात अनुभवला होता, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली. रुग्ण व नातलग यांनी एकत्र बसून आपले अनुभव बोलावे, हा तिच्या कार्याचा एक भाग आहे. अशा स्वमदत गटांत रुग्णास 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्यास 'शुभंकर' म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडला आहे. या शब्दांतच केवढा धीर आहे!

आमचे गाव पुण्याहून दूर. घराचा उंबरा न ओलांडणारा मुलगा तेथे कसा जाणार? परंतु आता असे गट फोनवरूनही भरतात. त्याच्या डॉक्टरांनी अशा एका गटाची माहिती दिली. आपल्यावर कोणी पाळत ठेवते, असे ज्यास वाटते, त्यास फोनच्या पडद्याचेही भय वाटते. म्हणून आरंभी त्याने कॅमेरा बंद ठेवून केवळ ऐकले. तीन बैठका अशा गेल्या. चौथ्या बैठकीत तो म्हणाला, "मलाही आवाज ऐकू येतात." पलीकडून कोणी विचारले, "कोणत्या वेळी जास्त येतात?" बंधुभगिनींनो, आमच्या घरात आठ वर्षांत हा प्रश्न त्यास कोणीही विचारला नव्हता. आम्ही एवढेच विचारीत असू : "गोळी घेतलीस का?"

ज्यांस असा गट शोधावयाचा असेल, त्यांस अनुभवाचे चार शब्द सांगतो. प्रथम आपल्या डॉक्टरांस वा नोंदणीकृत संस्थेस विचारावे. गटाचे नियम लिहिलेले आहेत काय, आणि बोलणे सांभाळून नेणारा जबाबदार माणूस तेथे आहे काय, हे पाहावे. जेथे औषधे सोडावयास सांगतात, रामबाण उपाय विकतात वा पैसे मागतात, तेथून तत्काळ बाहेर पडावे. आरंभी खरे नाव, पत्ता, छायाचित्र देऊ नये. शुभार्थींच्या बैठकीत घरच्यांनी कान देऊन बसू नये. शुभंकरांसाठी निराळे गट असतात, तेथे आपले दुःख बोलावे. गट हा डॉक्टरांच्या जागी नव्हे. मन फारच अस्वस्थ झाले तर सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. जिवास धोका दिसला तर मात्र गटाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुलगा पूर्ण बरा झाला, असे आम्ही म्हणत नाही. काही दिवस अजूनही वाईट जातात. परंतु सकाळी दूध आणावयास तो स्वतः जातो, आणि मंगळवारच्या बैठकीची वाट पाहतो. त्याच्या बहिणीसाठी आलेल्या स्थळास आम्ही या खेपेस सर्व खरे सांगितले. ते स्थळ परत गेले. मुलगी म्हणाली, "काका, बरे झाले, आधीच कळले."

परक्या माणसांनी आमच्या मुलास जे दिले, ते आपल्या माणसांत त्यास मिळू नये, ही आम्हांस बोचणारी गोष्ट आहे. मंडळाकडे आमचे मागणे थोडे आहे. पुढील मेळाव्यात एक तास एखाद्या मानसोपचारतज्ज्ञास द्यावा, आणि एखाद्या घरी असा आजार आहे असे कळले, तर ती गोष्ट स्थळांच्या चर्चेत न नेता त्या घरी जाऊन चहा घ्यावा. आमच्या घरचे दार आजपासून उघडे आहे. आपण या, आमचा पुतण्या घरीच असतो, पुण्यास नव्हे.