'बरं झालं' म्हणण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २६ जानेवारी २०२६ रोजी ध्वजवंदनानंतर केलेले भाषण)



फार वेळ घेत नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब थोडक्यात मांडायची सवय आहे.

अकरा दिवसांपूर्वी आपण पुणे महापालिकेसाठी मतदान केलं. त्याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मधलं. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकांच्या हाती होता. या वेळी आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीने पक्षाकडे तिकीट मागितलं होतं. मिळालं नाही. तेव्हा कट्ट्यावर, पार्किंगमध्ये मी एकच वाक्य ऐकलं, "बरं झालं, सुटली." आज मला या 'बरं झालं'बद्दल बोलायचं आहे. तिला विचारूनच बोलतोय.

नगरसेवक होण्याची कायद्यातली पात्रता तशी साधी आहे. वय २१ पूर्ण हवं, शहराच्या मतदार यादीत नाव हवं. महापालिकेची थकबाकी नको, महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध नको. मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अनधिकृत बांधकाम केलेलं असेल, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे गॅलऱ्या बंद करून खोल्या काढणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये! (हसू नका, नावं घेत नाही.)

अवघड भाग पुढे आहे, आणि तो म्हणजे एबी फॉर्म. पक्षाने हा अधिकृत उमेदवार, असं लिहून दिलेला कागद. तो मुदतीत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला, तरच पक्षाचं चिन्ह मिळतं. वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता शेवटच्या दिवशी त्या कागदाची वाट बघत बसतो आणि कागद जातो भलत्याच्याच हातात. अपक्ष उभं राहायला बंदी नाही. पण पुण्यात आता एका प्रभागात साधारण चार जागा असतात. अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. एवढ्या मोठ्या प्रभागात घराघरापर्यंत चिन्ह पोचवायचं, तर मागे पक्ष लागतोच. म्हणून पक्षात जाणं म्हणजे काही वाईट मार्गाला लागणं नव्हे. बहुतेकांसाठी तो एकच रस्ता आहे.

मात्र चिन्ह फुकट मिळत नाही. १९८६ च्या कायद्याप्रमाणे नगरसेवकाने पक्षादेश मोडून मतदान केलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. इथे मला महात्मा फुले आठवतात. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, म्हणाले. ते लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरीही बोलले. आजच्या नगरसेवकाला मत पक्षाच्या आदेशाने द्यावं लागेलही. पण प्रश्न विचारायला, माहिती मागायला, बोलायला सभागृह मोकळं आहे. तेवढं बळ त्याला कुठून मिळणार? मागे जागरूक मतदार उभे असतील, तरच.

आता आपण काय करतो ते बघा. नगरसेवक घरी आला की आपण काय मागतो? पेव्हिंग ब्लॉक, बाकडी, गेटवरचा दिवा, गणपतीची वर्गणी. तोही देतो आणि बाकड्यावर स्वतःचं नाव रंगवतो. त्याचं खरं काम दुसरंच आहे. महापालिकेत अंमलबजावणी आयुक्त करतात. ते राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. पैसा कुठे जाणार हे अंदाजपत्रकात ठरतं आणि ते मंजूर करतं सभागृह. मोठ्या खर्चाचे ठराव सोळा जणांच्या स्थायी समितीतून जातात. आपल्याकडे टँकर का येतो, ड्रेनेज पावसाळ्यात का तुंबतं, याचं उत्तर त्या कागदांत असतं. बँकेत आम्ही कर्जदाराचा ताळेबंद बघायचो, त्याच्या दारातली गाडी बघून कर्ज द्यायचो नाही. मत देतानाही तोच नियम लावा. पाच वर्षांत प्रश्न किती विचारले, हजेरी किती, अंदाजपत्रकात आपल्या भागासाठी काय आणलं, हे विचारा.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. आपल्यापैकी किती जणांनी तो भरलाय? हात वर करा. (तीन हात वर. धन्यवाद.) आपल्या वार्षिक सभेचं तरी काय? कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग असतील तेवढ्यांवर चालते. कमिटीत यायला कुणी तयार नसतं. मग त्या मुलीला आपण कुठल्या तोंडाने 'सुटली' म्हणतो?

महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण पुष्कळ ठिकाणी बाई निवडून येते आणि फोन घेतात 'साहेब'. आपल्याकडे मात्र एक मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहू बघते आहे. पाण्याच्या तक्रारी घेऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या चढते आहे. तिचा पक्ष मला पसंत आहेच असं नाही. तिला तसं तोंडावर सांगितलंय. मत तिला द्याच, असंही मी म्हणत नाही.

माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. एक, सोसायटी ही सहकारी संस्था आहे. तिच्या गेटवर कुठल्याही पक्षाचा झेंडा नको आणि तिच्या पैशाला कुठल्याही प्रचाराचा स्पर्श नको. दोन, हॉल मात्र प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना सारख्याच अटींवर खुला करावा. तिथे त्यांनी आपल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. निवडून आलेल्यांनाही वर्षातून एकदा बोलवावं. तीन, आपल्यातला कुणी, कुठल्याही पक्षाचा असो, या कामात पडला तर त्याला नावं ठेवू नयेत. नावं ठेवून चांगली माणसं घरी बसतात आणि मग आपणच म्हणतो, उभं राहायला चांगलं कुणी नाही.

पुढच्या निवडणुकीला पाच वर्षं आहेत. मी तेव्हा ऐंशीच्या घरात असेन. तब्येत ठीक असली, तर हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून अंदाजपत्रकावरचा पहिला प्रश्न मीच विचारणार आहे. आणि तो तिलाही सोपा जाणार नाही, हे तिने आत्ताच लिहून ठेवावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र!